दहा वर्षांच्या आराखड्यात माणसांचंही एक पान असू द्या

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पास्टोरेट कमिटीतील सर्व बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर दारात तुम्ही प्रत्येकाच्या हातात चार पानांचं पत्रक दिलंत. 'मंडळीचा दहा वर्षांचा आराखडा.' मी ते घरी आणलं आणि दुपारची जेवणं उरकल्यावर चष्मा लावून दोनदा वाचलं. पहिल्या पानावर कम्युनिटी हॉल, दुसऱ्यावर कंपाउंडची भिंत आणि दफनभूमीचा रस्ता, तिसऱ्यावर देवळाचं छत, सोलर आणि साउंड सिस्टिम. चौथ्या पानावर खर्चाचा तक्ता आणि कोणतं काम कोणत्या वर्षी करायचं त्याची यादी. मेहनत घेऊन केलेलं काम आहे, हे वाचताक्षणी कळतं. दफनभूमीला भिंत हवीच. पावसाळ्यात तिथे गुरं शिरतात आणि थडग्यांवरची फुलं खाऊन जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हॉलही हवा. लग्नाला दरवेळी मंगल कार्यालयाचं भाडं आपल्या लोकांना परवडत नाही.

वाचून झाल्यावर मी पान उलटलं. पाठीमागे आणखी काही असेल असं वाटलं होतं. दहा वर्षांनी या हॉलमध्ये जी माणसं बसतील, ती आजच्यापेक्षा ख्रिस्ताच्या किती जवळ गेलेली असावीत अशी आपली इच्छा आहे, याबद्दल एखादी ओळ तरी. पान कोरं होतं.

म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलं आहे, कारण हा प्रश्न एकट्या आपल्या मंडळीचा नाही. आपल्या नगर जिल्ह्यात 1831 साली मिशनचं काम सुरू झालं, आणि तेव्हापासून आपल्या लोकांनी शाळा बांधल्या, दवाखाने चालवले, देवळं उभी केली. बांधकामाचं दहा वर्षांचं गणित आपल्याला चांगलं जमतं. माणसाच्या आत्मिक वाढीचं गणित मात्र आपण एका वर्षाच्या पुढे कधी नेत नाही.

एक वर्ष म्हणजे कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे. 31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटच्या उपासनेला वेदीजवळ स्टीलचा डबा ठेवलेला असतो, त्यात रंगीत कागदांच्या गुंडाळ्या. प्रत्येक जण रांगेत येऊन एक उचलतो. घरी येऊन उघडायची, वाचायची, कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. हे वर्षाचं वचन. माझ्या कपाटाच्या दारावर अशा तेवीस चिठ्ठ्या आहेत, काल मोजल्या. प्रत्येक वचन सोन्यासारखं आहे. पण त्यातलं कोणतं वचन माझ्यात रुजलं, कोणत्या वर्षी मी बदलले, असं कुणी विचारलं तर मला दोनच चिठ्ठ्यांकडे बोट दाखवता येईल. बाकीची एकवीस वर्षं मी चिठ्ठी घेतली, चिकटवली आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा रांगेत उभी राहिले.

तेच वर्षभरात बायबल वाचण्याच्या तक्त्याचं. बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीन-साडेतीन अध्याय. जानेवारीत उत्पत्ती संपतं, योसेफाच्या गोष्टीपाशी डोळे भरून येतात. फेब्रुवारीत निर्गमाचा पहिला अर्धा भाग झपाट्याने जातो. मग निवासमंडपाची मापं येतात, लेवीय येतं, शेतात कांदा काढणीला येतो, मुलांच्या परीक्षा येतात आणि वाचन थांबतं. तिथे थांबलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू करत नाही, कारण तक्ता चाळीस दिवस पुढे निघून गेलेला असतो. आपण आता मागे पडलो, आपल्याला हे जमत नाही, असं तो मनाशी धरतो आणि पुढच्या जानेवारीपर्यंत बायबल बंद. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे आणि माझ्या स्वतःच्या घरातही. दिवसाला एकच अध्याय वाचला तर तेच पुस्तक सव्वातीन वर्षांत पूर्ण होतं. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस एकेक अध्याय घेतला तर बरोबर बावन्न आठवडे. हे आपण कुणाला सांगत नाही. आपण वर्षाचा तक्ता देतो आणि मागे पडणाऱ्याला एकटं सोडतो.

शास्त्रात देव माणसाला घडवताना घाई करताना दिसत नाही. मोशेची चाळीस वर्षं मिद्यानात मेंढरं राखण्यात गेली. पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटला, पण तो यरुशलेमला पेत्राला भेटायला गेला त्याला मध्ये तीन वर्षं लागली, आणि पुढची मोठी भेट चौदा वर्षांनी झाली, हे त्यानेच गलतीकरांना लिहिलं आहे. कालेबाला कनानात डोंगराचा वाटा मिळेल असं वचन मिळालं तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. तो वाटा मागायला यहोशवासमोर उभा राहिला तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक बोल आहे, तो मला फार लागतो: इतका काळ गेला, तुम्ही एव्हाना शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हाला अजून दूधच लागतं. त्या बोलात किती काळ लोटला त्याचा हिशोब आहे. आपण तो हिशोब ठेवतच नाही, म्हणून तो बोल आपल्याला लागत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण शब्बाथ शाळेत सांगतो, पण त्यातलं अर्धंच सांगतो. दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली-बायका वाचवल्या आणि पुण्याहून दौंडला जाताना लागणाऱ्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वयाच्या पंचेचाळिशीनंतर, एवढा मोठा पसारा अंगावर असताना, या बाईंनी आणखी एक काम हातात घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. मध्ये त्यांची प्रकृती खालावली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी, मनोरमा, त्यांच्याआधी गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं, आणि 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं. त्याचे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्याच, ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती.

मी त्या अठरा वर्षांचा फार विचार करते. त्यातल्या एखाद्या मधल्या, साध्या वर्षाचा. सकाळी उठून इब्री कोश उघडायचा, चार ओळी करायच्या, मग कोठाराच्या चाव्या, आजारी मुली, विहिरीचं पाणी, आलेली पत्रं. त्या वर्षाच्या शेवटी कुणी विचारलं असतं की या वर्षी काय साधलं, तर सांगण्यासारखं फार थोडं असणार. पण ते वर्ष वाया गेलेलं नव्हतं, कारण ते कशाच्या तरी मध्ये होतं. आपल्या लोकांची वर्षं सुटी सुटी पडली आहेत. ती कशाच्या मध्ये नाहीत.

आणि असं लांबचं ध्येय कधी कधी एका आयुष्यातही मावत नाही. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तायन हे येशूच्या चरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं आणि 1919 मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेत जाणं कधी झालंच नव्हतं. त्याच लक्ष्मीबाई, ज्यांना 1895 मध्ये नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आभाळ कोसळल्यासारखं झालं होतं आणि स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली.

आता थोडं माझ्याबद्दल. हे मी महिला मंडळातही कधी पूर्ण सांगितलेलं नाही, पण या पत्रात लपवलं तर पत्राला अर्थ राहणार नाही.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आमच्या घराची वाटणी झाली. जमीन सुरळीत वाटली गेली, भांडण झालं ते विहिरीच्या पाळीवरून. कोणत्या वारी कुणाची मोटर चालायची. माझी धाकटी जाऊ आणि मी, ज्या दोघी एका ताटात जेवलेल्या, त्या बोलायच्या बंद झालो. दोष कुणाचा ते आज लिहीत नाही. त्या वर्षी उपवासकाळात मी प्रभुभोजनाला उभी राहिले आणि भाकर हातात घेताना माझा हात थरथरला. घरी येऊन शाळेच्या एका जुन्या वहीत मी लिहिलं: 'साठी गाठायच्या आत मला धाकटीसाठी मनापासून प्रार्थना करता यावी.' समेट व्हावा असं लिहिलं नाही, कारण समेट माझ्या एकटीच्या हातात नव्हता. बारा वर्षांची मुदत घातली, कारण मला माझा स्वभाव माहीत होता.

ही वही मी एकाच व्यक्तीला दाखवली. आपल्या मंडळीतल्या, मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाई. त्या आता प्रभूकडे गेल्या. त्यांनी उपदेश केला नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, उपासनेनंतर चपला घालता घालता, त्या एवढंच विचारायच्या: "नाव घेतलंस का?" पहिलं वर्षभर मी फक्त नाव घ्यायचे. दात आवळून. नावाच्या पुढे एक शब्द जायचा नाही. सिस्टरबाई म्हणायच्या, चालेल, नाव घेत राहा.

तिसऱ्या वर्षी नाताळात मी मुलाच्या हातून धाकटीकडे फराळाचा डबा पाठवला. करंज्या, शंकरपाळ्या, चार अनारसे. डबा घासून पुसून रिकामा परत आला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी डबा फडताळात ठेवला आणि पुढच्या नाताळात पुन्हा पाठवला. पुन्हा रिकामा आला. पाचव्या वर्षी झाकण उघडलं तर तळाशी साखर होती. वाटीभरही नव्हती. मी ती साखर चहाला वापरली नाही, कितीतरी दिवस तशीच ठेवली, मुंग्या लागेपर्यंत.

मग सहाव्या वर्षी पुतण्याचं लग्न ठरलं आणि पत्रिकेत आमच्या घराचं नाव नव्हतं. माझं सगळं मुळापासून उखडलं गेलं. सहा महिने मी नावसुद्धा घेतलं नाही. सिस्टरबाईंना टाळायला लागले, उपासना संपायच्या आत मागच्या दाराने निघायचे. एक दिवस त्या स्वतःच घरी आल्या, काठी टेकत, उन्हात. मी रडून सगळं सांगितलं, माझं व्रत मोडलं म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "बारा वर्षांतले सहा महिनेच वाया गेले. बाकीची साडेअकरा आहेत की."

कमिटीतील बंधुभगिनींनो, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे असं समजा. वर्षाच्या संकल्पात सहा महिने मोडले तर संकल्पच मोडतो. लांबच्या ध्येयात पडायलाही जागा असते आणि पडून उठायलाही. आपले लोक आत्मिक जीवनात मागे पडतात ते पडल्यामुळे नव्हे, तर पडल्यावर आपलं सगळं संपलं असं समजल्यामुळे. आणि ते तसं समजतात, कारण बोटांवर मोजून दाखवणारं कुणी त्यांच्या दाराशी येत नाही.

नवव्या वर्षी धाकटीचं मोठं ऑपरेशन झालं, नगरला. चार रात्री मी तिच्या खाटेशी बसले. दुसऱ्या रात्री ती झोपेत कण्हत होती आणि मी तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की छातीत जी गाठ असायची ती नाही. कधी सुटली ते मला सांगता येणार नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजलं ते त्याला कळत नाही. तसंच झालं.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल की बाई, हे देवाचं काम झालं, तुमच्या वहीचं नव्हे. मला ते पूर्ण मान्य आहे. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. पण पौलाने लावलं होतं आणि अपुल्लोसाने पाणी घातलं होतं. माझ्या भावाची श्रीगोंद्याकडे लिंबाची बाग आहे. रोप लावल्यावर चार-पाच वर्षं फळाचं नाव नसतं. त्या काळात तो आळी करतो, शेणखत घालतो, टँकरच्या पाण्याने झाडं जगवतो. एकाही लिंबात रस भरणं त्याच्या हातात नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि म्हणून तो आळी करायचं सोडत नाही. लूकातल्या अंजिराच्या दाखल्यात मालक तीन वर्षं फळ शोधून कंटाळलेला असतो, झाड तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष असू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. फळ येईलच असं तो कबूल करत नाही. खणायचं तेवढं कबूल करतो.

म्हणून आपण ज्याला ध्येय म्हणू त्यात दोन्ही हवं: दिशा फळाची आणि कबुली खणण्याची. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली यादी आपल्याला शाळेपासून पाठ आहे, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत. त्यातलं एक सहनशीलता घ्या आणि पुढची पाच वर्षं तेच मागा, त्याच्याभोवतीच खणा. आणि वाढ झाली की नाही हे ठरवायचं कुणी? झाड आपलं फळ स्वतः खात नाही. माझी सहनशीलता वाढली का, हे मी सांगू नये. माझ्या सुनेने सांगावं.

आता मागणं काय, ते सांगते. ते खर्चाचं नाही.

1742 साली इंग्लंडात ब्रिस्टल गावी, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांवर त्यांच्या सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज झालं होतं. कर्ज फेडायचं कसं म्हणून बैठक बसली. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेही जमणार नाही. तेव्हा तो पहिला म्हणाला, माझ्याकडे अकरा जण द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. तसे बारा-बारांचे गट पडले. हे पुढारी वर्गणीला म्हणून घरोघर जाऊ लागले आणि त्यांना घराघरातलं कळू लागलं. कुठे दारू, कुठे नवरा-बायकोत अबोला, कुठे प्रार्थना थांबलेली. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण जे इतके दिवस शोधत होतो ते हेच. मेथडिस्टांच्या क्लास मीटिंगा, म्हणजे या छोट्या गटांच्या बैठका, अशा इमारतीच्या कर्जातून जन्मल्या. आपण मेथडिस्ट नसलो तरी आपलीही गोष्ट इमारतीच्या वर्गणीपाशीच आली आहे.

तुमच्या पत्रकाच्या चौथ्या पानावर तळाशी लिहिलं आहे की हॉलच्या वर्गणीसाठी कमिटीतल्या प्रत्येकाकडे बारा ते पंधरा घरं दिली आहेत आणि दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन प्रत्येक घरी जायचं आहे. माझी विनंती एवढीच: जाल तेव्हा पावती फाडून उंबऱ्यावरूनच परत फिरू नका. दहा मिनिटं बसा. पहिल्या फेरीत त्या घराला विचारा की दहा वर्षांनी प्रभूसमोर हे घर कुठे असावं असं तुम्हाला वाटतं. लगेच उत्तर येणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. उत्तर आलं की ते त्या घराच्याच वहीत त्या घरच्यांनी लिहावं, ऑफिसच्या रजिस्टरात नको. आणि मग दर महिन्याला सिस्टरबाईंसारखा एकच प्रश्न विचारा.

नोटीस बोर्डावर तक्ता लावू नका. कोणत्या घराने किती वाचलं याची घोषणा नको, नाताळात बक्षीस तर मुळीच नको. आपली माणसं साधी आहेत, पण चढाओढीला भुलतात. मग जो वही भरेल तो मोठा होईल आणि ज्याला खरी गरज आहे तो दार लावून घेईल.

ध्येयं घराघराप्रमाणे वेगळी असणार. नव्या जोडप्याने ठरवावं की मूल शाळेत जायला लागेल तोवर आपल्या घरी संध्याकाळची कुटुंबप्रार्थना मुरलेली असेल, पाहुणे आले तरी न चुकणारी. ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी दहा वर्षांचं ध्येय एकेका दिवसाचंच असतं, आणि त्याच्या घरी महिन्याने जाऊन भागणार नाही, आठवड्याला जावं लागेल. दुकानदाराने उधारीच्या वहीबद्दल प्रभूशी बोलावं. शेतावर मजूर लावणाऱ्याने मजुरी शनिवारी हातावर ठेवण्याबद्दल. याकोबाच्या पत्रात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल जे आहे ते वाचताना आपण फार लवकर पान उलटतो. हे सगळं आत्मिक वाढीतच येतं. नुसतं वाचन आणि उपवास म्हणजे वाढ, असं आपण मुलांना शिकवून ठेवलं आहे.

मुलांवरून आठवलं. दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे मुलं आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यांत ती रांगेने गुडघे टेकतात, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, फोटो निघतात. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारत नाही. बारावीनंतर ती पुण्याला जातात, चाकणच्या कंपन्यांत लागतात, रविवारी शिफ्ट असते. त्यांना आपण 'देवळात येत नाहीत' एवढंच म्हणतो. कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या बावीस वर्षांच्या पोराला मोबाईलवर नव्या कराराचा एक अध्याय, आठवड्यातून पाच दिवस, आणि महिन्यातून एकदा इथून कुणाचा तरी फोन, एवढं आपण देऊ शकतो. दृढीकरणाच्या वर्गातच प्रत्येक मुलाने मंडळीतलं एक वडीलधारं माणूस निवडावं, जे त्याला पंचविशीपर्यंत विचारत राहील. आई-बाप सोडून दुसरं कुणीतरी.

पाळकसाहेब, शेवटचं तुमच्यासाठी, आणि हे आदराने लिहिते. दर चार-पाच वर्षांनी पाळक बदलतात. एका साहेबांनी घरोघरच्या प्रार्थनासभा लावल्या, दुसऱ्यांनी शुक्रवारचा उपवास, तिसऱ्यांनी तरुणांचे कॅम्प. सगळं चांगलं होतं आणि सगळं त्यांच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये चढून गेलं. तुमचीही बदली कधीतरी होईल. त्या दिवशी नव्या साहेबांच्या हातात देवळाच्या किल्ल्या आणि बँकेचं पासबुक देताना, कोणत्या घराजवळ किती वर्षं बसायचं आहे हेही कुणीतरी त्यांच्या कानावर घालू शकेल, अशी कमिटी तुम्ही तयार करून जा. हा आराखडा दहा वर्षांचा आहे. तो पूर्ण होताना इथे दुसरे पाळक असतील हे तुम्हाला माहीत असूनही तुम्ही त्याच्यावर सही केली आहे. तशीच सही माणसांच्या पानावरही करा.

पाचवं पान छापायलाच हवं असं नाही. एक कोरा कागद जोडला तरी चालेल, वर फक्त 'आमचं घर' एवढं लिहून.

माझं स्वतःचं मी ठरवलं आहे. माझी आजी बायबलबाई होती. पिशवीत शुभवर्तमानं घेऊन वाड्या-वस्त्यांवर पायी हिंडायची. तिने उतारवयात 119 वं स्तोत्र पाठ करायला घेतलं होतं. त्याचे बावीस भाग आहेत, प्रत्येकी आठ वचनं, एकूण 176. तिचं बायबल माझ्याकडे आहे. पाठ झालेल्या प्रत्येक भागाच्या कडेला तिने पेन्सिलीची बारीक रेघ ओढली आहे. रेघा एकोणिसाव्या भागापर्यंत आहेत. मी चौसष्ट वर्षांची आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. त्याच पानावर, तिच्या रेघांच्या शेजारी, मी माझ्या रेघा ओढायला लागले आहे. सध्या तिसऱ्या भागावर आहे. 'तुझ्या वचनाप्रमाणे जगता यावं' असं त्या स्तोत्रात पुन्हा पुन्हा मागितलेलं आहे, आणि नुसतं पाठ न होता ते जगण्यात उतरावं म्हणून मी दहा वर्षं धरली आहेत.

माझं घर तुमच्यापैकी कुणाच्या यादीत आहे ते मला माहीत नाही. ज्यांच्या यादीत असेल त्यांनी पुढच्या महिन्यात पावतीपुस्तक घेऊन येताना थोडा वेळ काढून यावं. वर्गणी तयार असेल. पावती फाडून झाली की मला विचारा, चौथा भाग झाला का.

आपल्या मंडळीतील एक सभासद,
निवृत्त शिक्षिका